आधीचं नाव

भाट्याच्या पुळणीचा चिखल
आंबा घाट चढून मिरजेला येतो
माझ्या मांडीवर, सहा बरण्यांतून.
शेजारची बाई विचारते, लोणचं का हो?
मी म्हणते, हो. खारं आहे.

कॉलेजच्या मागच्या खोलीत समुद्र उरतो चमचाभर.
त्यावर ओतायचं साखरेचं दाट पाणी.
साखर कारखान्याची, सभासदाच्या भावाची,
तातोबा ऐवळेंनी घरून आणलेली.
वाळू तळाला बसते, सूत्रकृमी वर येतात.
तातोबा म्हणतात,
साखरेला मुंग्या लागतात एवढंच ठाऊक होतं, मॅडम.

एक मिलिमीटर. कधी तेवढाही नाही.
आणि ओळखायचं कशावरून, तर
तोंडात दात आहे का; असला तर एक की तीन.
कातडीवर वळ्या की ठिपके.
डोक्यावरचे केस मोजायचे: सहा, परत सहा, मग चार.
डोक्याच्या कडेला गंधाची खाच,
खिशासारखी, वाटोळी,
नाहीतर जिलबी घालताना हात सुटावा तशी.
यावरून कुळ. कुळात प्रजाती.
प्रजातीत जात.

पहिल्या वर्षाची मुलं या शब्दाला हसतात.
मागच्या बाकावरचा एक जण हसत नाही.
मी फळा पुसते,
आणि तोच शब्द पुन्हा लिहिते.
भाषेनं दुसरा दिलेला नाही.

तोंड समोरून बघायचं तर डोकं कापावं लागतं.
त्यासाठी टाचणीला धार हवी.
ती मी आजोबांच्या निसण्यावर लावते.
आजोबा सायकलला चाक जोडून
लक्ष्मी मार्केटाभोवती फिरायचे: कात्र्या, विळ्या, अडकित्ते.
त्यांच्या आज्यानं तलवारी घासल्या
म्हणून आम्ही शिकलगार.
तलवारी संपल्या.
चुलत्यांनी भोपळ्यावर तारा चढवल्या
ते सतारमेकर झाले.
लग्नात भेटलो की आजोबा त्यांचा अंगठा धरून दाखवायचे,
बघ, वळण तेच आहे.

बरणी चौथी, सतरावा नर.
किल्लीत प्रत्येक पायरीला दोन दारं असतात.
हा बावन्नाव्या पायरीवर उभा राहिला, आत जाईना.
दात हवा तिथं नाही. खाच आडवी,
मधोमध एक रेघ,
दगडावर पातं एकदाच ओढून उचलावं तशी.
त्याच्यासारखे आणखी पाच सापडायला
अकरा महिने गेले.
मी नाव ठरवून ठेवलं होतं: निसणा.
आपल्याकडे तो निसणा,
लॅटिनमध्ये आकारान्त म्हणून ती.
आजोबा हसले असते.
वहीच्या शेवटच्या पानावर
मी ते नाव तिरप्या अक्षरांत लिहून पाहिलं,
नव्या सुनेनं सासरचं आडनाव गिरवावं तसं.

मग ब्रेमेनहून एका म्हाताऱ्या बाईंचं पत्र आलं.
सोबत एका जुन्या चित्राची प्रत.
शंभर वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कुठल्या समुद्रात,
कुणाला तरी एकच मादी सापडली होती, शेपूट तुटलेली.
चित्र वाईट आहे. खाच चुकीच्या जागी.
पण रेघ आहे.

नियम साधा: जो आधी, त्याचं नाव.
मी दुपारभर त्या चित्राकडे बघत बसले.
राग येईना. त्या माणसाचा हात
रेघेपाशी जरासा थरथरलेला दिसत होता.

तातोबांनी विचारलं, लेबलवर काय लिहू?
म्हटलं, जुनंच. खाली लिहा: भाट्ये, भरतीची खालची रेषा.
शेपटाचं चित्र मात्र मी आता काढतेय.
ते कुणीच काढलेलं नाही.
लांब आहे, टोकाशी जरा फुगीर,
आणि पाचव्यांदा खोडूनही
मला जमत नाहीये.

आईचा फोन:
येताना निसणा घेऊन ये, विळी कापत नाही.